फाशावरची कबड्डी

जत्रेत माझ्या शेजारी म्हातारीचे केस विकणारा बसतो. येणारी लेकरं आधी त्याच्या गुलाबी कापसाकडे बघतात, मग माझ्या पांढऱ्या डोक्याकडे, आणि एकमेकांना कोपर मारून हसतात. मी त्यांना सांगते, "तिकडचे गोड हायेत, हिकडचे कडू. हिकडं फकस्त फासे खेळायचे." मग ती माझ्या तरटासमोर येऊन बसतात. निम्मं गिऱ्हाईक मला माझ्या केसांनीच मिळवून दिलेलं आहे.

धंदा एका दमात सांगून होतो, करण्यात मात्र जन्म गेला. तरटावर पांढऱ्या रंगाने कबड्डीचं मैदान काढलेलं. मधे रेघ. पलीकडच्या अंगाला कोटाची सात मोठी बटणं, त्यांना गडी म्हणायचं. रेघेच्या अलीकडे तुम्ही. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पेल्यात दोन फासे; बाभळीच्या लाकडाचे, सिरसाळ्याच्या सुताराने तासून दिलेले आणि तापल्या खिळ्याने ठिपके पाडलेले. पेला हलवायचा, तरटावर पालथा घालायचा. दोन्ही फाशांवर दोन किंवा जास्त ठिपके आले की समोरचा एक गडी मेला. ते बटण उचलून मुठीत घ्यायचं. आता तुमचं तुम्ही ठरवायचं. "रेघ" म्हणून परत फिरायचं, नाहीतर अजून एकाला शिवायला पुढं घुसायचं. परत आलात तर मुठीत जेवढे गडी, तसं बक्षीस. पण दोनांतल्या एका जरी फाशावर एकुलता एक ठिपका दिसला, की तुमची पकड झाली. मुठीतले सगळे गडी परत मैदानात, आणि तुम्ही रिकाम्या हाताने गोडीशेवेच्या दुकानाकडे.

एका गड्याला लिमलेटची गोळी. तिथून चढत चढत पिना, कंगवा, आरसा, स्टीलची वाटी, डबा. सातही मारले तर लोण, त्याला कळशी. ही कळशी प्रत्येक जत्रेला मी डोक्यावर घेऊन जाते, आणि बहुतेक वेळा डोक्यावर घेऊनच परत येते.

आणखी एक नियम आहे आणि तो माझ्या खोडसाळ डोक्यातून निघालेला आहे. पहिला पेला उचलल्यापासून "रेघ" म्हणेपर्यंत तोंडाने "कबड्डी कबड्डी" चालू पाहिजे. दम तुटला तर मी कानाडोळा करते, कारण माझ्याकडे बिनदाताची गिऱ्हाइकंही येतात. पण मधेच दुसरा शब्द बोललात, कुणाला काही विचारलंत, तर बाद. हा नियम केला कारण आपल्या भागात माणूस एकटा काही करतच नाही. बैल घ्यायचा तर चौघं, दाढ काढायची तर सहा जण सोबत. मी म्हटलं, निदान एवढ्या तरटावर तरी माणसाने स्वतःला विचारून बघावं.

एकदा एक पुढारी आले होते. मागे-पुढे माणसं, पांढरेशुभ्र कपडे. कौतुकाने बसले. पाच गडी मारले आणि तिथं अडकले. सवय अशी की कुठलीही गोष्ट ठरवताना मान मागे वळवायची. मान वळली, पण बोलायचं नाही, तोंडाने कबड्डी चालू. मागची माणसं एकाच वेळी हो आणि नाही अशा माना हलवायला लागली. साहेब कितीतरी वेळ नुसते कबड्डी-कबड्डी करत माझ्याकडे बघत राहिले. शेवटी घामाघूम होऊन "रेघ" म्हणाले, वाटी घेतली आणि उठताना हळूच म्हणाले, "मावशी, लई दिसांनी एकटा पडलो व्हतो."

एवढ्याशा खेळात माणसांना काय गवसतं, असं माझी नातसून विचारते. घरात मोबाईलवर मोठमोठी मैदानं दिसतात, खरे खेळाडू पळताना दिसतात. मग लोक तुझ्या बटणांपुढं का बसतात? मला तिला नीट सांगता येत नाही. सांगायचं तर दुपारची जत्रा सांगावी लागेल. बोलण्याचे, भोंग्यांचे, पिपाण्यांचे आवाज उन्हात विरघळून एक लांबलचक गुणगुण होते. पाळणा फिरतो, पण इतका संथ, की वरच्या पाळण्यातल्या पोरीची वेणी खाली यायला युग लागतं. धुळीला सोन्याचा रंग येतो. आणि माझ्यासमोर एक माणूस पेला हलवत बसलेला असतो. पेला पालथा झाला आहे आणि अजून उचललेला नाही. आत काय पडलंय ते पडून चुकलंय, पण कुणाला ठाऊक नाही. त्या तेवढ्या वेळात त्या माणसाचा चेहरा बघावा. शेत, कोर्टकज्जा, लेकीचं सासर, गुडघेदुखी, सगळं चेहऱ्यावरून उतरून गेलेलं असतं. झोपेत लेकरं हसतात ना, तसा तो चेहरा असतो. मी आयुष्यभर लोकांची झोप विकली, पण जागेपणीची. पेला उचलला की ते सगळं परत चेहऱ्यावर चढतं. म्हणून काही काही माणसं पेला फार सावकाश उचलतात.

हे शहाणपण आत्ताचं. तरुणपणी मी फार हुशार होते, त्यामुळे मला काही दिसत नव्हतं.

हा धंदा मुळात आमच्या ह्यांचा. ते खेळणी विकायचे, पण त्याआधी गावच्या संघात चढाईचे गडी होते. एका मोठ्या सामन्यात हातात होते तेवढे गुण घेऊन परत यायचं सोडून अजून एकाला शिवायला गेले, चौघांनी पकडलं, त्यात गुडघा गेला. तेव्हापासून खेळणी. खेळणी काही खपेनात. मग मी एका जत्रेत तरटावर खडूने मैदान काढलं आणि ह्यांच्या जुन्या कोटाची बटणं कापून मांडली. कोट लग्नातला होता. पहिला डाव मी त्यांनाच खेळायला लावला. त्यांनी पेला हलवला, एक गडी मारला आणि लगेच "रेघ" म्हणाले. मी हसले. चढाईचा वाघ म्हणे, आणि एका बटणाला भ्याला. ते म्हणाले, "रेघ किती लांब असती, ते मागं वळून बगितल्यावर कळतं." मला वाटलं, हरलेल्या माणसाचं बोलणं आहे. मी तेव्हा पंचविशीची, पदर खोचलेला, कपाळभर कुंकू आणि डोक्यात वारं. आता ते नाहीत. आता मला ते वाक्य ऐकू येतं आणि तेव्हा हसले त्याची लाज वाटते.

त्या काळात मी एक शास्त्र काढलं होतं. माणूस फासे कसा टाकतो त्यावरून तो कसा आहे ते मला कळतं, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. माझ्या शास्त्राप्रमाणे एका गड्यावर परत येणारा कद्रू. पकड होईपर्यंत खेळणारा उधळ्या. तीन-चार गड्यांवर "रेघ" म्हणणारा तो संसारी, त्याला डोळे झाकून मुलगी द्यावी. हे मी असं ठसक्यात सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, हिने काशीला जाऊन विद्या आणलीय. काशी सोडा, मी तोवर परळीच्या पलीकडे गेलेली नव्हते.

लोकांना मात्र ते पटलं. आपल्याकडे जत्रेत सोयरिकी जुळतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुणे आयते एका जागी भेटतात, मुलगा-मुलगी लांबून एकमेकांना बघून घेतात. त्यात एक नवी रीत सुरू झाली. मुलीचा मामा किंवा चुलता मुलाला सहज म्हणून माझ्याकडे घेऊन यायचा. "चला पावनं, जरा करमणूक." मुलगा बिचारा खेळायचा. मामा डोळे बारीक करून बघायचा. मुलगा पाणी प्यायला उठला की माझ्याकडे वाकून विचारायचा, "काय मावशे, कसं वाटतं?" ह्याला लोक "फाशाला उभं करणं" म्हणायला लागले. आणि मी, माझ्या शहाणपणाच्या पाटावर बसून, पान चघळत निकाल द्यायचे.

माझे निकाल कसे लागले ते आता सांगायला हरकत नाही. ज्याला मी संसारी म्हटलं होतं, चार गड्यांवर थांबणारा, आरसा जिंकून नेणारा, तो पाठच्याच साली घरात कुणाला न सांगता पुण्याला निघून गेला आणि तिकडून फोनही करेना. ज्याला उधळ्या ठरवलं, त्याची आता तेलगावला दोन दुकानं आहेत आणि बायको त्याच्याबद्दल बोलताना अजून लाजते. मला वाटेत भेटला तेव्हा म्हणाला, "मावशी, तुमी मला नापास केलं व्हतं, म्हणून त्या पोरीच्या बापानं पोरगी दिली न्हाई. मग दुसरीकडं केलं. लई उपकार झाले." मी त्याच्याकडून अर्धा किलो गूळ घेतला आणि गप घरी आले. तो गूळ बरेच दिवस घशाखाली उतरेना.

त्यानंतर मी निकाल द्यायचं सोडलं. पण रीत काही गेली नाही. देव एकदा बसवला की पुजाऱ्याचा विश्वास उडाला तरी नारळ फुटतच राहतात. लोक येत राहिले, मी "बरा हाय की" म्हणून प्रत्येकाला पास करत राहिले. तरी एखादा मामा माझ्या "बरा हाय" मधूनही नकार शोधून काढायचा.

असाच एक मामा म्हणजे धोंडीराम. सिरसाळ्याच्या बाजूला मेंढरं राखतो. उंच, वाळलेला, डोक्याला लाल मुंडासं, बोलताना समोरच्याकडे न बघता लांब कुठंतरी बघणारा. मेंढरं मोजत असल्यासारखा. त्याची भाची रेणुका. तिचा बाप ती लहान असतानाच गेला, आई पाठोपाठ. मामाने तिला मेंढरांबरोबरच वाढवली. तिच्या लग्नाचा निर्णय मामाचा, आणि मामाचा भरोसा माझ्या फाशांवर. मागल्या खेपेला त्याने एक मुलगा आणला होता. त्याने पहिल्याच गड्यावर "रेघ" म्हटलं आणि लिमलेटची गोळी खिशात घातली. मी "बरा हाय" म्हटलं. मामा म्हणाला, "गोळी तोंडात का घातली न्हाई? खिशात कावून ठिवली?" आणि तो मुलगा गेला.

यंदाच्या चैत्रातल्या जत्रेत सकाळीच, मी तरट झटकत होते, तेव्हा रेणुका येऊन समोर बसली. पिनांचे पत्ते उगीच इकडचे तिकडे करायला लागली.

"आजी, दुपारी मामा येनार हाय."

"येऊ दे की. सावली हाय, पानी हाय."

"संगं बालाजी हाय."

"ह्यो बालाजी कोन?"

"केजकडं काळीपिवळी जीप चालवतो. आमची मेंढरं रस्त्यावर आली व्हती तवा हारन न वाजवता थांबला व्हता. समदी मेंढरं जाईपर्यंत. मागचे पासिंजर शिव्या घालायलते, तरी बी."

"मग?"

"मग काय न्हाई. दुसऱ्या दिशी बी मेंढरं रस्त्यावर आली."

"आपुआप आली?"

ती पिनांकडे बघत म्हणाली, "मेंढराला काय कळतं, आजी. वळवील तिकडं जातंय."

मला हसू आवरेना. मग ती खरं बोलली. मामाचं म्हणणं, ड्रायव्हर माणूस, कुठं थांबावं हे त्याला कळतं की नाही तेवढं बघायचं; फाशाला उभा करायचा, थांबला तर हो, नाही थांबला तर पुन्हा नाव काढायचं नाही. पावसाळ्याआधी मेंढरं घेऊन बाहेर पडायचंय, त्याआधी दुसरं एक स्थळ बघून ठेवलंय. सगळं आज दुपारी ठरणार.

"मागचा गेला त्ये बरंच झालं," ती म्हणाली. "ह्यो जाऊ नये. आजी, किती गड्यांवर थांबला म्हंजी मामा हो म्हनतो?"

तरुणपणची मी असते तर तिला हाकलून दिलं असतं. धंद्याचं इमान, फाशाची अब्रू, काय काय बोलले असते. वय झालं की अब्रू जरा सैल होते, लुगड्यासारखी. मी इकडं तिकडं बघितलं. म्हातारीचे केसवाला स्टोव्ह पेटवत होता.

"चार," मी म्हटलं. "तीनला मामाला वाटतं भित्रं हाय. पाचला वाटतं हावरं हाय. चारला थांबायला सांग."

ती उठली आणि अशी पळाली, की पिनांचा एक पत्ता तिच्या पदराबरोबर गेला. तो मी परत मागितला नाही.

दुपार चढली. पाळणेवाल्याने पाळणा थांबवून त्याच्याच सावलीत अंग टाकलं. गोडीशेवेच्या दुकानात कढईखालचा जाळ विझत आला होता, आणि सगळ्या जत्रेवर साखरेचा आणि तापल्या मातीचा एक जड वास पसरला होता. असल्या वेळेला माझे डोळे उघडे असतात पण मी कुठं असते मला माहीत नसतं. त्या धुंदीतच मला समोर लाल मुंडासं दिसलं, शेजारी निळा शर्ट, आणि दहा पावलं मागे, रसवंतीच्या खांबाला टेकून रेणुका.

बालाजी बसला. साधा, सावळा मुलगा, कानामागे घामाचा ओघळ. मामा माझ्या बाजूला उकिडवा बसला. मी नियम सांगितले. बालाजीने पेला घेतला आणि कबड्डी सुरू केली. आवाज लहान, सारखा. रात्री जीप चालवताना ड्रायव्हर स्वतःशी गुणगुणतात तसा.

पहिला गडी मेला. दुसरा. तिसऱ्याला फासे एकमेकांवर चढून बसले, मी पुन्हा टाकायला लावले. तिसराही मेला. मग चौथा. चार बटणं त्याच्या मुठीत.

मी मामाकडे बघितलं. मामाची नजर कधी नव्हे ती जवळ आली होती. तो त्या मुठीकडे बघत होता आणि त्याची मान अगदी बारीक हलत होती, हो म्हणायच्या तयारीत. मागे रेणुकाने खांब सोडला होता. मी आरसा पुसायला घेतला.

बालाजीने पेला उचलला, फासे आत टाकले आणि कबड्डी चालूच ठेवली.

माझ्या हातातला आरसा तसाच राहिला. पाचवा गडी. मामाची मान थांबली. सहावा गडी. म्हातारीचे केसवाला काडी हातात धरून बघत राहिला, त्या काडीवरचा कापूस उन्हात आकसत चालला. बालाजीने पेला पालथा घातला आणि त्यावर तळहात ठेवून नुसता बसला. उचलेना. कबड्डी चालू होती, इतकी हळू की श्वासासारखी. तो फाशांकडे बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. तिथं काय आहे म्हणून मीही वळले. मागे बांबूला माझा दुसरा आरसा टांगलेला असतो, विकायचा मोठा. त्यात रसवंतीचा खांब दिसत होता आणि खांबापाशी ती.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. उन्हात एक पान पडताना दिसलं, ते जमिनीला टेकलेलं मी बघितलंच नाही.

मग त्याने पेला उचलला. एका फाशावर पाच. दुसऱ्यावर एकच ठिपका.

मी सहा बटणं त्याच्या मुठीतून सोडवून घेतली आणि परत मैदानात मांडली. मामा उठला, धोतराची धूळ झटकली. झटकण्यात नकार होता, तो मला ओळखू येतो.

रेणुका तिथं कधी येऊन पोचली कळलंच नाही. बालाजीच्या पुढ्यात उभी.

"चार सांगितलं व्हतं ना तुला?"

मामा सावकाश वळला. "चार कुनी सांगितलं?"

मी कंगवे नीट लावायला घेतले. कंगवे नीटच होते.

"मावशे," मामा म्हणाला, "इतकी वर्सं तुमच्या फाशावर इस्वास ठिवला."

"मी कुटं म्हनलं ठिवा," मी म्हटलं. "मी तर समद्यांना बराच हाय म्हनते."

तो बालाजीकडे वळला. "आन तू. तुला आकडा ठाव व्हता, तरी थांबला न्हाईस. एवढी हाव?"

बालाजीने खाली बघितलं. "हाव न्हाई, मामा. चार झाले तवा म्हनलं, आता रेघ म्हनलं की उठावं लागनार. तुमी म्हननार, चला. तिच्याकडं असं कुनी बगू देत न्हाई. फासा हातात व्हता तवर कुनी चल म्हनत नव्हतं."

पाळणेवाला सावलीत कूस बदलून पुन्हा झोपला. माझ्या शास्त्राच्या तीन खणांत ह्या मुलाला कुठं ठेवावं ते मला समजेना. त्याने वाटी, डबा, कळशी, कशाचाच विचार केला नव्हता. तो फक्त वेळ वाढवत बसला होता. आणि मग मला वाटायला लागलं, इतक्या वर्षांत माझ्यासमोर पकड होईपर्यंत बसलेले सगळेच उधळे नसतील. कुणी घरी जायचं म्हणून बसलं असेल, कुणी घरी कुणी नाही म्हणून. मी त्यांना हावरट म्हणत पानाच्या पिंका टाकत होते.

मामा मात्र ढळला नव्हता. "बाबा, बोलनं ग्वाड हाय. पन गाडी चालवतोस. वळनावर बी असंच करशील? कुनी चल म्हनत न्हाई म्हनून?"

प्रश्न खरा होता. माझ्या घरात एक गुडघा त्या प्रश्नापायी गेलेला होता.

रेणुका खाली बसली. तिने पेला घेतला.

"तू कावून?" मामा म्हणाला. "पोरींला उभं करत न्हाईत."

"का करत न्हाईत? संसार एकल्याचा हाय का?" असं म्हणून तिने फासे आत टाकले आणि तोंडाने कबड्डी धरली. त्यामुळे मामाला पुढं काही विचारता येईना. एक पेला टाकला. एक गडी मेला. बटण उचललं आणि ती म्हणाली, "रेघ."

माझ्याकडे हात पुढं केला. मी लिमलेटची गोळी दिली. ती मामाकडे वळली.

"ह्यो थांबत न्हाई, खरं हाय. मी थांबते. मामा, घरात थांबनारं एक मानूस पुरं हाय. दोगं बी थांबनारी असली तर मेंढरं रस्ता कवा ओलांडायची?"

मामाने लांब बघितलं. ह्या वेळी तिथं मेंढरं नव्हती, मी त्याच्या नजरेच्या दिशेने बघितलं. मोकळं रान होतं आणि त्यावर झळ नाचत होती.

"तुजी माय अशीच व्हती," तो म्हणाला. "तुजा बाप एकदा बोलत बसला की गाव उटायचं, त्यो उटत नव्हता. ती दारातनं नुसती खाकरायची. त्यो निगायचा."

मग बालाजीला विचारलं, "हिनं हाक मारली तर येशील?"

"हाक कशाला," बालाजी म्हणाला. "न मारता बी येतो. म्हंजी आलतोच की. रोज त्याच रस्त्यानं."

"त्ये मेंढरांनी मला सांगितलंय," मामा म्हणाला. "रोज एकाच जाग्यावर रस्ता ओलांडायला लागली तवाच मला कळलं व्हतं." रेणुकाने जीभ चावली. मामाने तिच्या हातातली गोळी घेतली, कागद काढला आणि तोंडात टाकली. ती चघळत तो पलीकडच्या नारळवाल्याकडे चालत गेला.

मी रेणुकाकडे बघितलं, रेणुकाने माझ्याकडे. बालाजीला अजून काही समजलं नव्हतं. तो बटणांकडे बघत होता आणि मला भीती वाटली की आता हा अजून एक डाव मागतो की काय. रेणुका खाकरली. तो उठून उभा राहिला.

मामा नारळ घेऊन आला. माझ्याच तरटाच्या कडेच्या दगडावर फोडला. पाणी तरटावर उडालं, मैदानाची एक बाजू भिजली, दोन गडी वाहून रेघेच्या अलीकडे आले. पाळणेवाला आवाजाने जागा झाला, काय चाललंय ते बघून त्याने रिकामाच पाळणा फिरवायला सुरुवात केली. मामाने खोबऱ्याचा मोठा तुकडा काढला आणि वडीलधारी म्हणून पहिला मला दिला. दात कमी असल्याने तो मी अख्खाच तोंडात सारला.

तेवढ्यात मामाला रीत आठवली. तो माझ्यापुढं उकिडवा बसला, मुंडासं सारखं केलं आणि इतकी वर्षं विचारत आला तेच, तेवढ्याच गंभीरपणे विचारलं, "मावशे, तुमचं काय म्हननं हाय? पोरगं कसं वाटतं?"

तोंड खोबऱ्याने भरलेलं होतं. मी नुसता हात हलवला. त्याने तो होकार धरला.